सात पन्नासला आण्णा

३१ ऑक्टोबर २०१२, बुधवार

आण्णा घरात नाहीत. काल दुपारपासून! मी कंपनीतून सहाला आले तर दाराची कडी उघडी, टीव्ही चालू, पंखा चालू, आणि माझा बाप गायब.

कडी शेजारच्या पारूबाईंनी काढली. मी कामावर जाताना बाहेरून कडी लावून जाते हे त्यांना माहीत आहे. का लावते तेही माहीत आहे — आण्णा इथं आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात जालना रोडच्या मधोमध उभे होते, हात आडवा करून! ट्रकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचले. सगळा जन्म मेंढरांमागं गेला, त्यांना वाटतं हात केला की सगळंच थांबतं. एवढं सगळं सांगूनही बाईंनी कडी काढलीच. म्हणे, "खिडकीतून हाक मारली त्यांनी. म्हनले, पोरी, टँकर आलाय, कडी काढ, हंडा लावतो. टँकर म्हनल्यावर कोन थांबतंय वो?"

काल टँकर आलाच नव्हता! आमच्या बिल्डिंगला टँकर शुक्रवारी. म्हणजे आण्णांना आता वारसुद्धा कळेना. म्हाताऱ्या माणसाला भ्रम व्हायला लागला आणि मी तिकडं बाटल्यांना लेबलं लावत बसलेली.

ह्यांनी बसची ड्यूटी सोडून चिकलठाणा सगळा पालथा घातला, पार विमानतळाच्या भिंतीपर्यंत. कुठं नाहीत. पोलिसांत नोंद केली. हवालदार माणूस चांगला होता, म्हणाला लोकल टीव्हीवर फोटो द्या, लोक बघतात.

१ नोव्हेंबर, गुरुवार

शहागंजात 'दरवाजा' चॅनलच्या ऑफिसात गेले. खाली चपलांचं दुकान, वर चॅनल. शहरातल्या बातम्या, कोणत्या भागात कधी पाणी सोडणार त्याच्या वेळा, आणि सात पन्नासला 'हरवले-सापडले'. फुकट दाखवतात. तो कार्यक्रम अंगद म्हणून एक जण बघतो. चाळिशीचा असेल. शांतपणे सगळं रजिस्टरात लिहून घेतलं. धोंडिबा, वय पंच्याहत्तर, धोतर, लाल पटका, हातात काठी.

आण्णांचा फोटो माझ्याकडं एकच. काखेत कोकरू धरलेला. अंगदने कॉम्प्युटरवर कोकरू कापून टाकलं. "चेहरा मोठा दिसला पाहिजे ताई." कोकरू गेल्यावर आण्णांचा तो हात असा रिकामाच वाकडा राहिला. बघवेना.

मग म्हणाला, "घरात काही झालं होतं का? बोलाचाली?" मी ताडकन म्हटलं, बोलाचाली कशाची? दोन वेळा गरम जेवण, डोक्यावर पंखा, दिवसभर टीव्ही! पाऊस नाही, चारा नाही, मेंढरं विकावी लागली. गावात एकटे काय करणार होते? गणपती झाल्यावर मीच घेऊन आले. घोंगडी तेवढी वास मारायची म्हणून गच्चीवर टाकली, त्यालाही काही बोलले नाहीत. तसे ते कधीच फार बोलत नव्हते. अंगदने हेही लिहून घेतलं की नाही कोण जाणे.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

आण्णा टीव्हीवर! दहा सेकंद. अख्खा मजला आमच्या घरात. पारूबाई म्हणाल्या, "लई तरनं दिसतेत फोटुत." मला हुंदकाच आला.

खाली आज टँकर आला होता. कोणीच उतरलं नाही फोटो होईपर्यंत. माणसं वाईट नाहीत इथली.

४ नोव्हेंबर, रविवार

उस्मानपुऱ्यातून फोन — लाल पटक्यावाला म्हातारा चौकात बसलाय! रिक्षाने धावलो. माणूस दुसराच. तोही असाच गाव सोडून आलेला. मला येताना बघून उठून उभा राहिला, त्याला वाटलं मी त्याच्यासाठीच आलेय. डब्यातली भाकरी त्याला दिली आणि रडत परत आले.

६ नोव्हेंबर, मंगळवार

सापडले! म्हणजे सापडल्यातच जमा!

रात्री आठला शहागंजातल्या चहावाल्याचा फोन. त्याच्या हॉटेलात टीव्ही चालू होता. आण्णांचा फोटो आला, आणि त्या टीव्हीसमोर आण्णाच उभे! "बाजी, बिल्कूल वहीच आदमी. काठी लेके खडे थे, फोटू देखे और चुपचाप निकल गये. मी गिऱ्हाइकात होतो, नायतर धरलं असतं."

स्वतःचा फोटो बघून निघून गेले! स्वतःला ओळखलंसुद्धा नाही. काय अवस्था झाली असेल डोक्याची! पण जिवंत आहेत. शहरात आहेत. ह्यांनी जाऊन सगळं शहागंज पालथं घातलं, मिळाले नाहीत. असू दे. उद्या सात पन्नासला परत फोटो येईल, आणि उद्या कोणीतरी धरून ठेवेलच. चहावाल्याला सांगून ठेवलंय.

७ नोव्हेंबर, बुधवार

आज दाखवलंच नाही! एक मुलगी दाखवली, एक वेडसर बाई दाखवली, आणि लगेच जाहिरात. आण्णा नाहीत! फोन केला तर म्हणे अंगद सर आजपासून रजेवर, दिवाळीला गावी गेले. म्हणजे जाता जाता विसरला. गावाला जायच्या गडबडीत माझा बाप विसरला!

८ नोव्हेंबर, गुरुवार

टीव्हीवर खालून पट्टी फिरतेय — 'दीपावलीनिमित्त दि. ८ ते १६ आमच्या कार्यक्रमांच्या वेळेत बदल. प्रेक्षकांनी नोंद घ्यावी.' घेतली नोंद. साडेसहाला चकलीची पाककृती. सातला बातम्या, त्याही पंधराच मिनिटं. सव्वासातला साड्यांचं दुकान. साडेसातला शुभेच्छा. सात पन्नासला — रांगोळी स्पर्धा!

'हरवले-सापडले' कुठंच नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. मी पट्टी चार वेळा वाचली.

फोन उचलला अमृताने. बातम्या वाचते ती मुलगी. "ताई, सणाच्या दिवसांत हरवलेले, निधन, श्रद्धांजली, असलं काहीच दाखवत नाही आम्ही. दरवर्षीचं आहे. सोळा तारखेनंतर परत सुरू."

सोळा तारखेनंतर! माणूस सणाची सुट्टी बघून हरवतो का?

९ नोव्हेंबर, शुक्रवार

शहागंजात गेले. थेट साहेबांच्या केबिनमध्ये. चॅनलचे मालक. समोर काजूकतलीचा पुडा, मलाही पुढं केला. म्हणाले, "बसा ताई. तुमचं दुःख समजतं. पण घराघरात लक्ष्मी यायची वेळ, लोक पोरंबाळं घेऊन टीव्हीपुढं बसतात. त्यांना हरवलेल्यांचे चेहरे कसे दाखवणार? लोक आम्हालाच शिव्या घालतात. मागं एकदा दाखवले होते, तर फोनवर फोन."

मी म्हटलं, साहेब, लक्ष्मीला घर सापडतं, माझ्या बापाला सापडेना!

पुडा मिटून ठेवला. म्हणाले, आठच दिवसांचा प्रश्न आहे.

पाण्याच्या वेळा मात्र ठेवल्यात! त्या रोज सात वाजून दहा मिनिटांनी. पाणी सापडलं पाहिजे, माणूस नाही सापडला तरी चालतंय. येताना मुद्दाम जिन्यावर थुंकावंसं वाटलं. नाही थुंकले.

१० नोव्हेंबर, शनिवार

दुसऱ्या चॅनलवर गेले, उस्मानपुऱ्यात. एका खोलीत एकच माणूस, समोर मशीन. म्हणाला, "काही उपयोग नाय ताई. सोळापर्यंतचं सगळं शूटिंग करून ठेवलंय. अँकरनं एकाच दिवशी पाच साड्या बदलून पाच दिवसांच्या शुभेच्छा दिल्यात. मी फक्त सकाळी लावतो अन् बसतो. मधी काय घालायचं मलाच येत नाय, ज्यांना येतं ते गावाला गेले."

पाच दिवसांच्या शुभेच्छा एका दिवसात! म्हणजे पाडव्याला जी बाई टीव्हीवर हसणार आहे ती मागच्याच आठवड्यात हसून घरी गेली! आणि आपण इकडं खरं मानून बघतो.

१२ नोव्हेंबर, सोमवार

फराळ केला नाही. पारूबाईंनी चिवडा दिला. तसाच झाकून ठेवलाय.

१३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

ह्यांनी एकट्यानेच पूजा केली. मी चहावाल्याकडं जाऊन आले. तो म्हणाला, परत आले नाहीत, पण माझी नजर आहे. सगळं शहर शहागंजात खरेदीला लोटलेलं, अंगावर माणसं. इतक्या गर्दीत एक लाल पटका दिसू नये? गर्दीत उभं राहून मी आण्णा आण्णा अशा हाका मारल्या. लोक वळून बघायला लागले. आधी लाज वाटली, मग नाही वाटली.

पारूबाई जिन्यात भेटल्या. हळूच म्हणाल्या, "राग नको मानू, पर म्हातारा रोज दुपारी खिडकीला यायचा. मला इचारायचा, बाय, मी काय गुन्हा केला गं? मी हसण्यावारी न्यायची."

मी भांडले त्यांच्याशी. दुपारी खिडकीत येतात तर मग मला आधी का नाही सांगितलं! वरून मलाच शिकवता! फार बोलले. नंतर वाईट वाटलं. तरी माझं काय चुकलं? ट्रकखाली गेले असते तर हेच लोक म्हणाले असते, मोकळं कशाला सोडलं. मी रोज चार वेळा वेडीवाकडी स्वप्नं बघायची त्या ट्रकची. कोंडायची हौस होती का मला?

१४ नोव्हेंबर, पाडवा

केलं!

साडेसातला 'दरवाजा'वर 'तुमच्या शुभेच्छा, थेट' असा कार्यक्रम. लोक फोन करतात, अमृता बोलते. ही एकच गोष्ट आधी भरून ठेवलेली नाही, हे माझ्या आज लक्षात आलं. सात वाजल्यापासून नंबर फिरवत बसले. लागेच ना. सात पस्तीसला लागला.

"बोला ताई, आज पाडवा! कोणाला शुभेच्छा द्यायच्या?"

मी म्हटलं, मला माझ्या वडलांना ओवाळायचंय.

"अरे वा! लेकीचं ओवाळणं! आहेत का शेजारी वडील? द्या त्यांना फोन."

मी म्हटलं, शेजारी नाहीत. हरवलेत. तुम्ही दिवाळीमुळं त्यांचा फोटो बंद केलाय. धोंडिबा नाव, लाल पटका, काठी, शहागंजात दिसले होते. आण्णा, कुठं असाल तिथून घरी या! मी निरांजन लावून ठेवलंय!

टीव्हीत अमृताचं तोंड उघडं ते उघडंच. माझाच आवाज टीव्हीतून माझ्या घरात येत होता, जरा मागून. तिने फोन कापला नाही. मला वाटतं मुद्दामच कापला नाही. मग एकदम साड्यांचं दुकान आलं.

त्यानंतर फोन थांबेना. अनोळखी लोक! एक बाई फोनवर नुसती रडली. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, लग्नाच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा. निरांजन तेल संपेपर्यंत तेवत ठेवलं. आले नाहीत.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

अमृताचा फोन. साहेब तिच्यावर लई भडकले म्हणे. पण ती म्हणाली, "ताई, एक गोष्ट मला कळेना. बदललेल्या वेळा आठ तारखेपासून होत्या. सात तारखेला 'हरवले-सापडले' चालू होतं. मग तुमच्या वडलांचा फोटो त्यातून कोणी काढून टाकला? अंगद सरांना फोन लावतेय, गावाकडं रेंज नाही."

तो विसरला असेल, मी म्हटलं. दुसरं काय असणार?

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

अंगदचा फोन आला. म्हणाला, "ताई, विसरलो नव्हतो. फोटो मी सहा तारखेलाच, त्या दिवशीचा दाखवून झाल्यावर, काढून टाकला. तुमचे वडील स्वतः जिना चढून वर आले. रजिस्टरात अंगठा दिलाय. वार सांगितला, तारीख सांगितली, तुमचं नाव, बिल्डिंगचं नाव, सगळं बिनचूक. म्हणाले, मी हरवलो नाय, मी निघून आलोय. माझं चित्र टीव्हीवरनं काढून टाका, नायतर लोकं धरून नेऊन तिच्या हवाली करत्याल."

मी ओरडले, मग मला का नाही सांगितलं?

"त्यांनी शब्द घेतला. म्हणाले, पोरगी चांगली हाय, तिचा सण होऊ द्या, मग सांगा."

कुठं आहेत आता, विचारलं. म्हणाला, "मला माहीत आहे ताई. बरे आहेत. पण ते तुम्हाला सांगायचं नाही, असाही शब्द घेतलाय."

सतरा दिवस मी सगळ्या शहराला विचारत फिरले, माझ्या बापाला कोणी पाहिलं का. आणि माझा बाप माझ्यापासूनच लपून बसलाय.