ताईच्या सूटची नाडी

प्रिय ताई,

टोमणे मारणं हा माझा धंदा. पण काल गंगापूर धरणावर तुझा ड्राय सूट, तो पाणी आत न येऊ देणारा अंगभर पोशाख, घालून मी जे दिवे लावले, त्यानंतर तुला तोंड दाखवायची सोय उरली नाही. म्हणून लिहितोय.

तुझ्याबरोबर कयाक, ती चिंचोळी होडी, वल्हवणाऱ्या मंदाताई गेल्या आठवड्यात आल्या होत्या. हिमाचलच्या गार नदीवर तुम्ही दोघी जाणार होतात ना? तू त्याआधीच गेलीस, झोपेत, कोरड्या अंथरुणावर. पाण्याची एवढी तयारी करून! त्यांनी तुझा सूट मागितला आणि मी म्हणालो, "देणार नाही, मीच वापरणार आहे." मी! त्या शांतपणे म्हणाल्या, "मग रविवारी या."

तू माझ्याहून उंच, त्यामुळे सूट आला. गळ्याच्या रबरातून डोकं काढताना नवा जन्म झाल्यासारखं वाटलं. पण चेन पाठीवर, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. हात पोचेना. हाक कुणाला मारू? घरात आपण दोघंच होतो, आता मी एकटा.

तेव्हा चेनीला बांधलेली ती परकराची नाडी हाताला लागली. "परदेशी सूट आणि त्याला नाडी!" असं म्हणून मी किती हसलो होतो! नाडीच्या टोकाला फास होता. माझी नजर दाराच्या कडीकडे गेली. तिचा रंग एकाच जागी घासून उडाला होता.

फास कडीत अडकवला, पुढे चालत गेलो. चेन सरकली.

ताई, तू अशी लावायचीस? केव्हापासून? एकदा पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो, "पोत्याचं तोंड शिवायला हिला मी लागतो." सगळे हसले, तूही हसलीस. त्यानंतर तू मला चेन लावायला कधी बोलावलं नाहीस. मी पलीकडच्या खोलीत चहा पीत बसायचो. आपल्या बहिणीची चेन कोण लावतं, हा प्रश्न मला पडू नये? पण तूही काय गं! एक हाक मारायचीस की!

धरणावर चहावाला ओरडला, "भाऊ, चंद्रावं चालले का?" तुझ्यावरचा माझाच विनोद, त्याच्याच टपरीवर केलेला. तेव्हा मला तो फार आवडला होता.

"चेन नीट लागलीय ना?" मंदाताईंनी विचारलं.

"हो हो," मी म्हणालो. बोटभर उघडी राहिली होती, पण त्यांच्याकडे पाठ करायची लाज वाटली. दहा हात गेलो नाही तोच कयाक उलटली. गार पाणी खांद्यातून थेट तळपायांपर्यंत! लाइफ जॅकेटनं तरंगत ठेवलं आणि मंदाताईंनी ओढत काठावर आणलं.

"आत काय घातलंय?"

"बनियन."

"बनियन! अहो भाऊ, हा पाणी अडवतो, थंडी नाही. ताई आत दोन-दोन स्वेटर घालायच्या." मग त्यांना नाडी दिसली. "हे काय?"

मी सांगितलं. त्यांनी नाडीचा फास बोटावर घेतला. मग म्हणाल्या, "ताई घरूनच सूट घालून यायच्या, तशाच स्कूटरवर. लोक वळून बघायचे. मी म्हणायचे, इथे घाला, मी लावते चेन. तर म्हणायच्या, नको, घरी नंदू लावून देतो. हात हलका आहे त्याचा."

ताई, हे कशाला सांगितलंस? चारचौघांत मी तुझं हसं करायचो, आणि तू चारचौघांत माझी अब्रू राखत होतीस! नखशिखान्त भिजलो होतो, तरी कान तापले.

सूट वाळवून आज मंदाताईंना देऊन आलो. नाडी सोडून ठेवून घेतली. त्यांना आता ती लागणार नाही. दर रविवारी मी धरणावर असेन, हिमाचललाही जाईन. कुणी काही म्हणो, त्यांच्या मागे उभा राहून चेन ओढेन, शेवटच्या टोकापर्यंत, आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही. तू लोकांना जे सांगत होतीस, ते निदान आता तरी खरं होऊ दे.

तुझा,
हलक्या हाताचा म्हणवलेला
नंदू