तीन पुकारे

३ फेब्रुवारी, मंगळवार

दारावर नोटीस चिकटवली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम — न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट असल्याशिवाय कोर्टाच्या इमारतीत कोणालाही इमिग्रेशनसाठी धरायचं नाही. केंद्राची माणसं स्वतःच्याच साहेबाच्या सहीचा कागद घेऊन फिरतात, तो इथे चालायचा नाही. काच थंडगार, टेप चिकटेना. शेवटी हातमोजे काढून तळहाताने दाबत उभी राहिले.

संध्याकाळी लॉरेनचा फोन. "आर्दिस, तू कोणाच्या बाजूची?" बहीण असली तरी असले प्रश्न विचारते. म्हटलं, मी दाराच्या बाजूची. ती हसली नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

नोटीस काढली. केंद्र सरकार केंद्राच्या कोर्टात गेलं, तिथल्या न्यायाधीशाने राज्याच्या हुकमाला स्थगिती दिली. टेपबरोबर दाराचा रंगही निघाला. रंगाचं कोणी बोलत नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज ट्रॅफिकचे खटले. पॅसेजमधली बाकं भरलेली, सगळ्यांच्या बुटांतून बर्फ वितळून पाणी झालेलं. केसल आला होता, बरोबर आणखी दोघं. वर्दी नाही, साधी जाकिटं. केसल आधी आपल्या शेरीफकडेच होता, तीन वर्षं याच पॅसेजमध्ये माझ्या हाताखाली उभा राहिला. मग केंद्राच्या इमिग्रेशन खात्यात गेला. पोरगा वाईट नाही. आईला दर रविवारी चर्चला आणतो.

आन्सेल्मोचा नंबर लागला. डेअरीवर दूध काढणारा, मागचा दिवा फुटलेल्या गाडीचा आणि लायसन नसल्याचा खटला. मी दारात येऊन पुकारा केला, नेहमीसारखा, मोठ्याने. तो उभा राहिला आणि शाळेत करतात तसा हात वर केला. केसलचे दोघं त्याच्या दोन बाजूंना आले. फार वेळ लागला नाही. आवाजही झाला नाही.

मी दारातच उभी. आपल्याकडे नाव तीनदा पुकारायचं असतं, त्याशिवाय गैरहजर धरत नाहीत. तोंडाला सवय झालेली. मी दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. बाकावर त्याची टोपी होती फक्त.

ओस्ट्रँडर न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आला का?"

"आला होता."

"होता म्हणजे?"

"उचलला. पॅसेजमध्ये."

त्यांनी चष्मा काढला. समोर दोनच रकाने — हजर, गैरहजर. मग गैरहजर लिहिलं.

११ फेब्रुवारी

टोपी माझ्या खणात ठेवली. लोकरीची, कानांवर येणारी. काल दुसरा नि तिसरा पुकारा कोणासाठी केला मी? सारखं तेच डोक्यात. रागही येतोय, पण कोणावर काढू ते कळत नाही. चहात साखर दोनदा घातली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

नोटीस पुन्हा लावली. केंद्राच्या त्याच न्यायाधीशाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि स्वतःचीच स्थगिती उठवली. आता केंद्र सरकार त्याच्याही वरच्या कोर्टात जाणार म्हणे. एकाच देशाची दोन सरकारं आणि तीन कोर्टं, आणि टेप लावायला एकटी मी. या खेपेला रुंद टेप आणली.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

केसल आला. नोटीस वाचली, हसला. "छान चिकटवलंत, लुंडबाई. पण फार दिवस टिकायची नाही."

मी म्हटलं, टेप चांगली आहे.

मग मुद्द्यावर आला. "दोन मार्चला हॅगनचा खटला आहे ना? ती नोएमी साक्षीला येणार. तिच्या नावाचा कागद आहे आमच्याकडे."

हॅगन म्हणजे पेंडीच्या दुकानाचा मालक. अर्धा तालुका त्याच्याकडून उधारीवर पेंड नेतो. गेल्या वर्षी पहाटे त्याच्या पिकअपने रुतिलिओला उडवलं. रुतिलिओ दूध काढायच्या पाळीवरून सायकलने घरी चालला होता. बायको नोएमी फाटकात वाट बघत उभी होती, तिने पाहिलं. दुसरं कोणी पाहिलं नाही. रुतिलिओ तिथेच गेला. हॅगन म्हणतो, गाडी त्याची नव्हतीच. दोनदा तारीख वाढवून झाली आहे. या खेपेला साक्षीदार उभी राहिली नाही तर न्यायाधीशबाईंना खटला काढून टाकावाच लागेल, त्याच्या वकिलाने तसा अर्ज देऊनच ठेवलाय.

मी केसलला म्हटलं, अरे, ती साक्षीदार आहे. राज्याने समन्स देऊन बोलावलंय तिला.

"हो, म्हणूनच येणार ना ती." अगदी सरळ बोलला. मग म्हणतो, "आमच्याकडचा फोटो ती एकोणीस वर्षांची असतानाचा आहे. आता बघून ओळखू येणार नाही. पण तुम्ही पुकाराल ना, लुंडबाई. तुमच्या गळ्यावर माझा पूर्ण भरवसा."

चेष्टाच केली त्याने. इमारतीत सगळेच माझ्या गळ्याची चेष्टा करतात. आज मात्र ते वाक्य घरापर्यंत बरोबर आलं.

१८ फेब्रुवारी

सरकारी वकील वेंट यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, नोएमीचं काय करायचं? ते पायऱ्यांकडे बघत बोलले. "मी तिला येऊ नको म्हटलं तर खटला गेला. ये म्हटलं तर ती गेली. आर्दिस, तुम्ही मला काही विचारलंच नाहीत, बरं का."

शिकलेला माणूस.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चर्चच्या हॉलमध्ये मासे तळले होते. लॉरेनने माझ्या ताटात कोबीचं सॅलड वाढता वाढता उपदेशही वाढला. "कायदा तो कायदा. विनाकागदाचे आलेत ना ते?"

म्हटलं, रुतिलिओवर गाडी घातली तोही कायदाच मोडला ना.

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"तुला वर्षाने निवृत्त व्हायचंय, आर्दिस. तू मध्ये पडू नकोस." हे तिने खालच्या आवाजात सांगितलं, कारण पलीकडच्याच टेबलावर हॅगन बसला होता, बायकोच्या ताटातला मासा उचलून खात. त्याने मला हात केला. मीही केला. इतकी वर्षं करतेच आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

न्यायाधीशबाईंना त्यांचा झगा देताना विचारलं. म्हटलं, पुकारा कुठे करायचा याचा काही लेखी नियम आहे का?

"कोर्टाच्या दाराबाहेर, पॅसेजमध्ये, ऐकू जाईल असा." पाठ आहे त्यांना. "का?"

"आपल्या कोर्टाला दारं दोन आहेत."

मागचं दार ज्यूरीच्या जिन्यावर उघडतं. जिन्याच्या तोंडाशी हातभर पॅसेज आहे, तिथे कोणी उभं राहत नाही, मोपची बादली असते. बाई आरशात बघून कॉलर नीट करत होत्या. आरशातूनच म्हणाल्या, "पुकारा कुठे करावा हे मी तुम्हाला आजवर कधी सांगितलंय का?"

नाही सांगितलं. आजही नाही.

२६ फेब्रुवारी

नोएमी कपडे धुवायच्या दुकानात भेटली. भेटली कसली, मीच गेले. घरचं मशीन चालू असताना चादरी घेऊन गेले!

तिने मला ओळखलं. "तुम्ही ओरडणाऱ्या बाई."

मी विचारलं, येणार आहेस का?

"कोर्टाने बोलावलंय. येणार."

"बाहेर कोण बसणार आहे माहिती आहे तुला?"

"माहिती आहे." ड्रायरमधून कपडे काढून घड्या घालत होती. पुरुषाचे शर्टही होते त्यात. वर्ष झालं तरी धुते. "आन्सेल्मो माझा शेजारी. त्याची बायको म्हणाली, पहिल्यालाच उठला म्हणून सापडला. मी तिसऱ्याला उठू का? तीन वेळा म्हणता ना तुम्ही?"

मला एकदम रडू आलं. मशीनच्या भोकात डोकं घालून चादर शोधत राहिले. मग तिला मागचा जिना सांगितला. गल्लीतून यायचं, लाल दार, ज्यूरीसाठी आठलाच उघडतात. वरच्या पायरीवर बसायचं. पहिल्या पुकाऱ्यालाच उठायचं, मी दार उघडून धरेन.

"तुम्हाला त्रास होईल?"

म्हटलं, मला कसला त्रास, मी नेहमीचंच काम करणार. तेव्हा तसंच वाटत होतं.

टोपी आन्सेल्मोच्या बायकोला द्यायला तिच्याजवळ दिली.

१ मार्च

उद्या. बूट, टाय, बिल्ला सगळं काढून ठेवलं. आज दुसरं काही सुचत नाही.

२ मार्च, सोमवार

सकाळी दार उघडतानाच वरून फोन — नोटीस काढा. वरच्या केंद्रीय कोर्टाने पुढचा निकाल लागेपर्यंत राज्याचा हुकूम थांबवलाय. रुंद टेपने आणखी रंग काढला.

केसल आणि दोघं बाकावर. माझ्यासाठी साखरेचा डोनट आणला होता. मी घेतला, खाल्लाही. आता वाटतं घ्यायला नको होता.

पॅसेजमध्ये बायका पुष्कळ. केसल एकेकीकडे बघत होता, आणि मधूनमधून माझ्याकडे. मी दोन किरकोळ नावं पुढच्या दाराने पुकारली. मग हॅगनचा खटला निघाला. ज्यूरी बसली. वेंट उठून म्हणाले, "साक्षीदार नोएमी." आवाज फारच बारीक.

मी पुढच्या दाराकडे वळले नाही. कोर्टातून आडवी चालत मागच्या दाराशी गेले. हॅगनच्या वकिलाने मान वळवून बघितलं. न्यायाधीशबाई काहीतरी लिहीत होत्या. दार उघडलं आणि बादलीशेजारी उभी राहून नाव पुकारलं. बारीक आवाजात नाही, जसं पुकारते तसंच. कुजबुजून पुकारलं असतं तर तो पुकारा नव्हे, आणि वकिलाने तेवढंच धरलं असतं.

ती पहिल्यालाच उठली. पांढरा ब्लाऊज, केस घट्ट बांधलेले, पर्स पोटाशी. मी तिला आत घेतलं आणि तरी आणखी दोनदा पुकारलं, रिकाम्या जिन्यात. का ते माहीत नाही. आन्सेल्मोचे ते दोन फुकट गेले होते म्हणून असेल.

पुढच्या दाराच्या काचेत केसलचं तोंड दिसलं. आवाज भिंतीतून ऐकू गेलाच असणार. पण खटला चालू असताना आत येऊन कोणाला धरायची त्याला परवानगी नाही, आणि पोरगा नियम पाळतो.

नोएमी दुभाष्यातर्फे बोलली. पिकअप हिरवी, एक दार पांढरं. "थांबला. खाली उतरला. माझ्या नवऱ्याकडे बघितलं. मी हाक मारली. परत बसला आणि गेला." हॅगनच्या वकिलाने तिच्या कागदांचा विषय काढला, देशात आलीस कशी, कधी. बाईंनी थांबवलं. मग वकिलाने विचारलं, अंधारात माणूस ओळखला कसा? ती म्हणाली, "त्याच्याच दुकानातून आम्ही कोंबड्यांचं खाद्य घ्यायचो. मला बघून त्याने हात केला होता, सवयीने."

हॅगनने मान खाली घातली. ज्यूरीतली एक बाई त्याच्याकडेच बघत राहिली.

साक्ष झाल्यावर नोएमी मागच्याच दाराने गेली; केसल आणि दोघं पुढच्या दाराशीच तिची वाट बघत राहिले. कोणाच्या गाडीतून गेली ते मी बघितलं नाही. मुद्दामच नाही बघितलं.

दुपारी केसल माझ्या टेबलाशी आला. चिडलेला नव्हता, ते जास्त लागलं.

"लुंडबाई, पुकारा पॅसेजमध्ये करतात."

"तोही पॅसेजच आहे."

"इतक्या वर्षांत तिथे किती वेळा केलात?"

खोटं सांगता आलं असतं. पण मला कोर्टात खोटं बोलता येत नाही, सवयच नाही. म्हटलं, "आज पहिल्यांदाच."

"आणि ती तिथे बसली आहे हे माहीत होतं?"

"हो."

त्याने डोळे मिटले. "हे मला का सांगितलंत?"

"तू विचारलंस म्हणून."

५ मार्च, गुरुवार

हॅगन दोषी. ज्यूरीला जेवायच्या सुट्टीपर्यंतही लागलं नाही. त्याच्या बायकोने पॅसेजमध्ये माझ्याकडे पाठ फिरवली. लॉरेनचा फोन नाही.

नोएमीचा पत्ता कोणाला माहीत नाही. मलाही नाही. बरं आहे.

१२ मार्च

नोटीस पुन्हा लावली. वरच्या कोर्टाने राज्याचा हुकूम कायम केला — न्यायाधीशाच्या सहीशिवाय इमारतीत अटक नाही. दहा दिवस आधी केला असता तर! दाराच्या रंगाचा अर्ज दिलाय.

आन्सेल्मोला विमानात बसवलं म्हणे. इथे त्याच्या नावावर अजून गैरहजरच.

१४ एप्रिल, मंगळवार

शहरातलं केंद्राचं कोर्ट. पॅसेज केवढा मोठा, बाकं गुळगुळीत. लॉरेन बरोबर आली, उपदेश न करता. केसल समोरच्या भिंतीला टेकून उभा, माझ्याविरुद्धचा साक्षीदार म्हणून — अटकेत अडथळा आणल्याचा आरोप.

इथे एकदाच पुकारतात. मला माहीत नव्हतं. मी दुसऱ्या पुकाऱ्याची वाट बघत बसून राहिले. लॉरेनने कोपराने ढोसलं, "आर्दिस, तुझंच नाव."

उभी राहिले. हात वर केला.