निवण्याआधी

संगमेश्वर,
१२ मे १९८४

आदरणीय देवस्थळी सर,

त्या बारा गोळ्यांबद्दल मी खोटं बोलले. वीज गेल्यामुळे त्या तडकल्या, असं मी वहीत लिहिलं आणि तुम्ही खाली सही केलीत. खरं तर भट्टी निवण्याआधीच मी दार उघडलं. मला बघायला मंडळी येणार होती, दुपारची एस.टी. गाठायची होती.

अणुइंधनाच्या गोळ्या उष्णतेने कशा तडकतात, यावर माझी पीएच.डी. आणि त्यात मी कुंभाराची लेक!

त्यातलीच एक गोळी काड्यापेटीत घालून घरी आणली होती. आपण युरेनियमऐवजी वापरतो ती, निरुपद्रवी. आप्पांनी ती पडवीत उजेडाकडे धरली.

"घाय कोनी केलीन गो? ही निवाच्या आदीच भायर काढलीत."

"वीज गेली होती, आप्पा."

"मंग? दार बंद व्हता ना? आतल्या आत सावकाश निवली असती."

सर, तुम्हीही ती गोळी बराच वेळ भिंगाखाली धरली होतीत. आप्पांना जे दिसलं, ते तुम्हाला दिसलं नसेल?

लग्न ठरलंय. पीएच.डी.ला अजून एक वर्ष लागेल, असा निरोप आज तिकडे धाडला. ते थांबले तर थांबले. बाराही गोळ्या मी नव्याने करणार.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर तेही तुम्ही काही न विचारता फाइलला लावाल. सोमवारी समोर येऊनच सांगते. त्या पानावरची माझी सही मी खोडणार आहे. तुमची तुम्ही बघा.

आपली विद्यार्थिनी,
शेवंती कुंभार