खोली क्र. ३ मधील संगणक पाण्याआधी वर नेणेबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
घरपडझड पंचनामा कक्ष, हर्सूल रस्ता,
छत्रपती संभाजीनगर.

विषय : संगणक वरच्या मजल्यावरील खोली क्र. ७ मध्ये हलविण्यास आजच परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझे दि. २३ व २५ सप्टेंबरचे अर्ज.

महोदय,

सविनय कळविते की, मी आपल्या कक्षात कंत्राटी संगणक चालक आहे. उद्या व परवा अतिवृष्टीचा लाल इशारा आहे, दोन्ही दिवस सुट्टीचे आहेत, आणि आपली खोली रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे. ऑगस्टमध्ये इथे घोट्याइतके पाणी होते, हे आपण खुर्चीवर पाय घेऊन स्वतः पाहिले आहे.

२. या संगणकात पिशोर भागातील ४१२ पडलेल्या घरांचे फोटो आहेत. संकेतस्थळ बंद असल्याने ते अजून वर चढलेले नाहीत. माहितीच्या सुरक्षेसाठी पेन ड्राइव्हची जागा चिकटपट्टी व शिक्क्याने बंद केलेली आहे. म्हणजे माहिती चोरीला जाणार नाही, बुडाली तर बुडेल. दुसरी प्रत कुठेही नाही.

३. संगणक वर न्यायला दहा मिनिटे पुरेत. परंतु जडवस्तू नोंदवहीत तो 'खोली क्र. ३' असा नोंदलेला आहे. माझ्या आधीचे चालक साकिब यांनी छत गळते म्हणून प्रिंटर शेजारच्या खोलीत ठेवला, तर तपासणीत तो 'गहाळ' ठरला. प्रिंटर उघड्या दारातून दिसत होता, तरी त्यांना नोटीस आली आणि करार वाढला नाही. म्हणून मी लेखी विचारत आहे. पहिल्या अर्जावर खोली क्र. ७ रिकामी असल्याचा दाखला मागितला गेला. तो दुसऱ्या अर्जाला जोडला, तेव्हा किल्ली असलेले कर्मचारी प्रशिक्षणाला गेल्याचे तोंडी कळले.

४. हे फोटो पुन्हा निघणार नाहीत. पंचनाम्याला मीही गेले होते. पिशोरच्या जैतुनबींनी पडलेल्या भिंतीचा एकही दगड आठ दिवस हलवला नव्हता. फोटो झाल्यावर त्यांनी विचारले, "बाई, फोटू पक्का आला ना? मंग माती उचलू का?" मी "उचला" म्हणाले. आता तिथे नवी भिंत आहे. फोटो गेला तर जुनी पडलीच नव्हती असे कागदावर येईल, आणि ते माझ्या शब्दामुळे. मला नोटिशीपेक्षा याची जास्त भीती वाटते.

५. हे लिहीत असताना साडेतीन वाजले असून पाणी उंबरा ओलांडून आत आले आहे. आपला फोन लागत नाही. शिपाई कडूबाई म्हणाल्या, "म्याडम, सही येईल तवा येईल. तुम्ही एका बाजूनं धरा."

६. सबब परवानगीची विनंती मी मागे घेत आहे. संगणक आता खोली क्र. ७ मध्ये कोरडा आहे. कुलूप माझ्या सांगण्यावरून तोडले, त्यात कडूबाईंचा दोष नाही. संगणक गहाळ ठरू नये म्हणून खोली क्र. ३ च्या भिंतीवर 'वर आहे' असे खडूने लिहून खाली सही केली आहे.

माझ्यावर जी कार्यवाही करायची ती सोमवारी करावी. तोपर्यंत संगणक मूळ जागी ठेवण्याचा आदेश कृपया देऊ नये. तो मी पाळणार नाही.

एरवी आपली आज्ञाधारक,
(सही)
दीपमाला सुदर्शन काळवणे
दि. २६ सप्टेंबर २०२५, दुपारी ४.१०

सोबत : १) आधीच्या दोन अर्जांच्या प्रती.
२) तुटलेले कुलूप, एक नग.