पंधरा मिनिटं पुढे

मलकपेठ, हैदराबाद
शनिवार

प्रिय उदय,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फोडलंस, याबद्दल आधी आभार मानते. फोन करायचा प्रश्नच नाही. त्या डेमोच्या भानगडीनंतर तू नोकरी सोडलीस आणि माझा नंबर ब्लॉक केलास, त्याला आता दोन वर्षं झाली. म्हणून हा कागद. शिवाय तुझं मराठी वाचन किती सावकाश चालतं ते मला माहीत आहे. ऑफिसच्या गणपतीत आरती रोमन अक्षरांत लिहून घेणारा माणूस तू! तेव्हा हे पत्र तुला नुसतं चाळून टाकता येणार नाही, एकेक शब्द लावावा लागेल. तेवढा वेळ तू माझ्यासमोर बसला आहेस असं मी धरून चालते.

तुझी खबर मला तुमच्या शेजारच्या सत्यवतीकाकूंकडून कळली. भाजी घेताना भेटल्या होत्या. तू बेगम बाजारात मामांच्या भांड्यांच्या दुकानात बसतोस, आणि आता पातेल्याला टिचकी मारून बुडाची जाडी सांगतोस म्हणे. मला मनापासून हसू आलं आणि पटलंही. मी फोनवर एरर अर्धा वाचून दाखवेपर्यंत तू पुढचा अर्धा सांगायचास, तसलंच हे. काकू मात्र म्हणाल्या, की आता पहिल्यासारखा बोलत नाही. त्यानंतर मी कोथिंबीर न घेताच घरी आले. दोन वर्षांत बेगम बाजारात पाऊल टाकलेलं नाही मी. आईला नवा कुकर हवा होता, तोही नारायणगुड्याहून आणला, आणि त्याची शिट्टी धड वाजत नाही.

इकडची बातमी अशी, की सोमवारी ऑफिसने मला नवा लॅपटॉप दिला. आपल्याकडे नवा लॅपटॉप म्हणजे काय ते तुला सांगायला नको. एक सॉफ्टवेअर टाकावं तर ते म्हणतं आधी दुसरं टाका, दुसरं टाकावं तर ते म्हणतं तुमचं पहिलं फारच नवीन आहे. पासवर्ड बरोबर असून सर्व्हर दारात उभं करत नव्हता. घरी बसून शांतपणे करावं म्हणून तीन दिवस घरूनच काम घेतलं. सोमवारी सतरा एरर होते, मंगळवारी चार, बुधवारी सकाळी एकही नाही. अडले की तुझंच वाक्य मनात म्हणायचे, ‘परेशान नक्को हो, पैले लाल लाइन पूरी पढ.’ सगळं सुरळीत झाल्याच्या आनंदात आईला शिरा करायला लावला.

शिरा खाल्ला आणि खरी गंमत सुरू झाली. प्रोग्रॅममध्ये काहीही बदल करावा, तो पुन्हा बनवावा, तर स्क्रीनवर जुनंच दिसायचं. एरर नाही, तक्रार नाही, नुसतं जुनं. शेवटी वैतागून पहिल्याच पानावर ‘तेजश्री गाढव आहे’ असं लिहिलं. तेही दिसेना. उठले, चहा केला, आईशी गप्पा मारल्या, परत येऊन त्या ओळीपुढे नुसतं एक उद्गारचिन्ह टाकलं, तर गाढव उद्गारचिन्हासकट हजर! लगेच आणखी एक शब्द घातला, तो गायब. चहा पिऊन आल्यावर केलेला बदल दिसायचा, बसल्या बैठकीला केलेला दिसायचा नाही. दुपारपर्यंत माझे सात चहा झाले आणि कारण काही सापडलं नाही.

आणि तेव्हा मला तो गुरुवार आठवला. डेअरीवाल्यांचा डेमो साडेपाचला होता. सकाळचं दूध संध्याकाळच्या रकान्यात दिसत होतं, ती चूक शोधून तू पाचला चार कमी असताना दुरुस्त फाइल सर्व्हरवर ठेवलीस आणि मला कळवलंस. पायाला प्लास्टर म्हणून मी तेव्हा सहा आठवडे घरूनच काम करत होते. मी प्रोग्रॅम नव्याने बनवून पाठवला, आणि डेमोमध्ये सकाळचं दूध जिथल्या तिथेच, संध्याकाळच्या रकान्यात. तू घाबरून आपली फाइल उघडलीस, पाहिलीस, सवयीने सेव्ह करून बंद केलीस. झालं. फाइलवर सहाची वेळ पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी बनवल्यावर सगळं नीट चाललं, आणि सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की उदयने दुरुस्ती केलीच नव्हती, डेमो फसल्यावर गुपचूप केली आणि आता खोटं बोलतोय. तू शपथा घेत होतास. चुकलो म्हणाला असतास तर हर्षवर्धन सरांनी दोन शब्द ऐकवून सोडून दिलं असतं, पण तू ते म्हणाला नाहीस.

बुधवारी आठव्या चहाला उठायच्या आधी मी पहिल्यांदाच स्क्रीनवरची सूचनेची पिवळी ओळ नीट वाचली. तुला ठाऊक आहे, आपल्याकडे लाल आली की थांबायचं आणि पिवळी आली की पुढे जायचं. ओळ अशी होती, की या मशीनचं घड्याळ सर्व्हरच्या घड्याळाशी जुळत नाही. मी कोपऱ्यातली वेळ पाहिली, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, दोन्ही अगदी बरोबर जुळत होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या भिंतीवरचं घड्याळ! बाबांना तू ओळखतोसच. रेल्वेतून निवृत्त झाले तरी घरातली सगळी घड्याळं पंधरा मिनिटं पुढे ठेवतात, आमची एकही गाडी कधी चुकलेली नाही असं येईल त्याला सांगतात. आम्ही बाकीचे जन्मापासून मनातल्या मनात पंधरा वजा करतो, त्यामुळे लॅपटॉपवर तीच वेळ दिसली तर खटकणार कुणाला? बाबांना विचारलं, तर म्हणाले, “अगं, तुझं ते नवं मागे चाललं होतं. सोमवारीच बरोबर करून ठेवलं.” वर विचारतात, “का, पुन्हा मागे पडलं का?”

कारण एवढंच होतं, उदय. प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर वेळ बघतं, आणि मागच्या खेपेनंतर बदललेलीच फाइल नव्याने घेतं. मी बनवलेल्यावर माझ्या लॅपटॉपची पुढची वेळ पडायची, बदललेली फाइल सर्व्हरवर राहते म्हणून तिच्यावर सर्व्हरची खरी. मग पाच मिनिटांपूर्वीची ताजी फाइलसुद्धा त्याला जुनी वाटायची आणि ते तिला हातच लावायचं नाही. मी बाबांना हळूच विचारलं, जुन्या लॅपटॉपचं काय? ते म्हणाले, “त्याचंही केलं होतं की, तुझा पाय मोडला होता तेव्हा.” तरीच त्या दिवसांत लॅपटॉपवर मीटिंगची घंटा वाजली की मी जोडली जायचे आणि प्रत्येक मीटिंगला सगळ्यांच्या आधी हजर असायचे, आणि हर्षवर्धन सरांनी सर्वांसमोर माझ्या वक्तशीरपणाचं कौतुक केलं होतं! जुना लॅपटॉप अजून कपाटात होता. त्या गुरुवारची नोंद उघडून पाहिली. तुझी दुरुस्ती चार छप्पन्नला सर्व्हरवर होती. मी ती पाचला बनवायला घेतली, आणि माझ्या यंत्राने ती घेतलीच नाही, कारण आधीचं मी पावणेपाचला बनवलं होतं आणि त्यावर पाचची वेळ पडली होती. तू शब्दाशब्दाने खरं बोलत होतास. बाबांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ती नोंद स्वतः दोनदा वाचून पाहिली. मग म्हणाले, त्या मुलाला जेवायला बोलाव. भिंतीवरची घड्याळं मात्र तशीच आहेत.

इथवर वाचून तुला वाटेल, चला, चूक तिच्या बाबांची, तेजश्री बिचारी. म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं. उदय, ती पिवळी ओळ मी बुधवारी पहिल्यांदा नीट वाचली, पण पाहिली पहिल्यांदा नव्हती. त्या गुरुवारीही ती माझ्या स्क्रीनवर आली होती. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सरांनी मला सरळ विचारलं, बनवताना काही सूचना आली होती का, आणि मी सगळ्यांसमोर नाही म्हणाले. माझी नोकरी पक्की होऊन महिनासुद्धा झाला नव्हता, मी घाबरले. तिचा अर्थ मला कळला नव्हता हे खरं आहे, पण आली होती एवढं जरी म्हटलं असतं, तरी तू तिथेच पाच मिनिटांत छडा लावला असतास. तू स्क्रीनवर माझ्याकडे बघत होतास, मी काही बोलेन म्हणून. मी प्लास्टरकडे बघत बसले. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आज सकाळपर्यंत. सकाळी मी हे सगळं, तो ‘नाही’ धरून, त्या मीटिंगमधल्या प्रत्येकाला नोंदीसकट मेलने कळवलं आहे. सरांनी सोमवारी बोलावलंय, काय व्हायचं ते होऊ दे. मला माफ कर असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण हे पाकीट आजच सत्यवतीकाकूंच्या हाती देते आहे, आणि उद्या अकरा वाजता मी दुकानात येते आहे. तुला जे बोलायचं असेल ते मामांसमोर बोल, गिऱ्हाइकांसमोर बोल, मला आत नेऊ नकोस. तुझं नाव मी चारचौघांतच घालवलं होतं.

तुझीच,
तेजश्री