माझ्या नावावरची पावलं

३ फेब्रुवारी
रिपोर्ट आले. तीन महिन्यांची सरासरी साखर माझी ६.२, राधिकाची ६.१. डॉक्टर नताशा म्हणाल्या, नवरा-बायको दोघंही डायबेटीसच्या उंबरठ्यावर आहात, तीन महिने रोज चाला, नाहीतर गोळ्या. आमच्या आप्पांच्या उजव्या पायाचा अंगठा साखरेनेच गेला. मी घाबरलेलो नाही. उद्यापासून पहाटे साडेपाचला निर्मळ तलावाला चार फेऱ्या. लिहून ठेवतो, म्हणजे माघार नाही.

४ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
एक फेरी. शी! काठावर पिचकाऱ्या, कुत्र्यांची घाण, आणि त्यातून शेजारचा आग्नेल घट्ट पॅन्ट घालून धावतोय. साठीच्या माणसाच्या मांड्या सकाळी सकाळी कोणी का बघाव्यात? वर मलाच विचारतो, दमलास का म्हणून. उद्यापासून व्यायाम घरीच.

९ फेब्रुवारी
उमंगने पुण्याहून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. मुलगा गुणी आहे. पण पट्ट्याखाली घाम साचतो, चिकचिक नुसती. वास घेऊन पाहिला. घ्यायला नको होता. घड्याळ राधिकाच्या हातात बांधलं. ती आग्नेलच्या बायकोबरोबर तलावावर जातेच. मोबाईल माझा, आकडे माझ्याकडेच येणार. घर एकच आहे.

१६ फेब्रुवारी
मोबाईलवर वाचलं: काम करणारा स्नायू रक्तात स्वतःची हार्मोन्स सोडतो, ती साखर खपवायला मदत करतात. मग तो स्नायू पायाचाच हवा असं कुठे आहे? खुर्चीत बसून पाण्याचा पाच लिटरचा कॅन उचलला. उजव्या हाताने, सहा वेळा. हार्मोन्स सुटल्याचं स्पष्ट जाणवलं. कोपरात.

२ मार्च
स्नायूंना खुराक हवा. वाडीतली राजेळी केळी सुकवून राधिकाने सुकेळी केली आहेत. वरून साखरेचा दाणा नाही, नुसतं केळं आणि ऊन. पाच खाल्ली. राधिका म्हणाली, केळं सुकलं म्हणून त्यातली साखर उडून जात नाही. तिला सायन्समधलं काही कळत नाही.

१९ मार्च
कॅनच्या तळाशी शेवाळ. हिरवं, बुळबुळीत. जेवण गेलं नाही. कॅन बंद. सुकेळी चालू, अशक्तपणा नको.

११ एप्रिल
डॉक्टरांना मोबाईल दाखवला. रोजची नऊ हजार पावलं! त्या म्हणाल्या, तुमच्यासारखे पेशंट हवेत. थोडं लाजल्यासारखं झालं. थोडंच. राधिका छताकडे बघत होती.

५ मे
मी ६.९. राधिका ५.५.
लॅबवाल्यांनी बाटल्या बदलल्या असणार, असं मी डॉक्टरांना ठणकावून सांगितलं. राधिकाने फक्त हात टेबलावर ठेवला, घड्याळासकट. डॉक्टर हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर परवडलं असतं. तीन महिने तलावाची, आग्नेलची, कॅनची किळस केली. आज स्वतःची आली.

६ मे, सकाळी ६.४०
गोळी सुरू. त्यासोबत चालायचं आहेच म्हणे. सुकेळ्यांचा डबा राधिकाने आग्नेलकडे पोचवला, आणि घड्याळ काढून माझ्या मनगटावर बांधलं. पट्टा तिच्या घामाने ओला होता. पुसला नाही.
बूट घालण्याआधी उजव्या पायाचा अंगठा नीट पाहिला. आहे.