गच्चीवरची काळी धूळ

बीरगाव, रविवार, संध्याकाळ

काय सापडलं आज! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांचे स्टोरीबोर्ड काढले, हा पहिला माझ्या स्वतःच्या सिनेमाचा. पहिल्या सीनची चित्रं शाई वाळायला गच्चीवर पसरली अन् विसरलीच. शेजारच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यांची काळी धूळ बसली त्यांवर. आई पदरानं पुसायला धावली.

"काहून ठेवले वं इथं? धूळ काय नवीन हाय तुले?"

चित्रावर पदराचा लांब काळा फराटा उमटला. मी चिडणारच होते. पण कारखान्यावरचं जे आभाळ मले ब्रशनं जमतच नव्हतं, ते त्या फराट्यात होतं. तेच, तसंच.

"दुसरं काढशील न?" आईनं बिचकत विचारलं.

नाही. उद्या बाकीची चित्रंही गच्चीवर. अन् आईही, त्याच लुगड्यात.